फांदीवरून आलेलं नाव

मला एका जागी बसवत नाही, मित्रांनो. मी एक जुनी आबार्का आहे, बास्क डोंगरातली कातडी वहाण. गाईच्या चामड्याला मुरड घालून प्रुदेन्सियो आजोबांनी मला आणि माझ्या डाव्या बहिणीला घडवलं. जाड लोकरी मोज्यांवर आमच्या वाद्या पोटरीपर्यंत गुंडाळायच्या, कमरेला मोठ्या घंटा बांधायच्या आणि जानेवारीच्या मिरवणुकीत निघायचं. सगळ्यांचं पाऊल एकदम पडलं की सगळ्या घंटा एकदम वाजत. काय ऐट होती आमची!

पुढे आजोबांचे गुडघे गेले. आम्ही चुलीवरच्या खिळ्याला लटकलो, धुरानं कडक झालो. तळवे मात्र शिवशिवत राहिले.

एकदा शाळेच्या बाई आल्या. "आजोबा, या वहाणा संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवू या. नावाची माहितीही लिहू. 'आबार' म्हणजे डहाळ्या, त्यावरून 'आबार्का' असं म्हणतात. पूर्वी पायाखाली डहाळ्या बांधत असतील."

"डहाळ्या? बाई, आमचे पूर्वज माणसं होते, चिमण्या नव्हेत!" आजोबा हसले.

पेटीत कसलं आलंय चालणं! तेवढ्यात त्यांची नात, आराने तिचं नाव, मध्ये पडली. "यंदा मी चालणार, याच घालून."

"चाल पोरी. पण वाटेत फाटल्या आणि तुझ्यापायी ताल मोडला, तर सरळ पेटीत जातील हं!"

आरानेनं आम्हाला चरबी चोळली, पण लवकर मुरावी म्हणून रात्रभर चुलीला टेकवून ठेवलं. चामड्याला आग सोसत नाही हो! मिरवणुकीच्या दिवशी अर्ध्या वाटेवर सगळे गरम सूप प्यायला थांबले, तेव्हा माझा तळ उभा चिरला होता. आत बर्फ शिरलं. आरानेच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं कडेच्या झुडपाच्या डहाळ्या मोडल्या, माझ्याखाली रचल्या आणि वादीनं करकचून आवळल्या.

"काय गं, घरटं बांधतेस?" शेजारच्या इनाशियोनं चिडवलं.

"हो. अंडी घालायला तू ये!"

आम्ही निघालो. पाऊल घसरलं नाही, ताल मोडला नाही. आयुष्यभर मिरवलेलं नाव त्या दिवशी पहिल्यांदा पायाखाली लागलं.

आजोबा दारात कान देऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वाकून एक डहाळी उपसली आणि बराच वेळ हातात फिरवली.

"आराने, बाईंना ही नेऊन दे. पेटीत ही ठेवा म्हणावं. आबार्का अजून चालतेय."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण खिळ्याला टांगून नव्हे. मला नवा तळ लागलाय. जानेवारी केव्हा येतो असं झालंय!