पळसाच्या पानाचं माप

नवशाच्या हातात मोजपट्टी दिली तर तो ती उलटी धरायचा, पण पळसाचं पान दिलं की त्याच्याइतका मापाचा पक्का माणूस अख्ख्या जव्हार संस्थानात नव्हता. मोटारखान्याचा मोठा मिस्त्री होरमसजी आधी त्याला हसला होता. मग त्यानं पाहिलं, की नवशा इंजिनाच्या नळकांड्याच्या तोंडावर हिरवं पान ठेवतो, अंगठ्यानं कडेकडेनं दाबत जातो, आणि पानावर उमटलेल्या गोलावरून जे कापतो ते नेमकं बसतं. त्या दिवसापासून मिस्त्रीचं हसणं बंद झालं.

त्या वैशाखात संस्थानच्या जुन्या मोटारीची चारही नळकांडी झिजली, म्हणून नाशिकच्या कारागिरानं येऊन ती आतून कातून मोठी केली. आता नळकांड्यांवरच्या झाकणाखालचं, म्हणजे हेडखालचं, तांब्याचं जुनं पॅकिंग कामाचं नव्हतं. होरमसजीनं नवशाला बजावलं, "पॅकिंगचं भोक नळकांड्यापेक्षा केसभर मोठं चालेल, लहान बिलकुल नाही. तांब्याची कड आत डोकावली तर तापून लाल होईल, आणि सगळं पॅकिंग जाळून टाकील."

नवशानं त्याच दिवशी पान दाबून माप घेतलं आणि ते आढ्याला खोचून ठेवलं. तांब्याचा पत्रा मात्र मुंबईहून यायचा होता. तो नवव्या दिवशी आला, तोवर होरमसजी भाच्याच्या लग्नाला उदवाड्याला गेला होता. जाताना तो म्हणाला, "गाडी जुळली की मोखाड्याच्या घाटात चालवून बघ. तुझ्या आईलाही ने बरोबर."

नवशाची आई बायडी महिनाभर लेकाकडे अंथरुणाला खिळून होती. औषध घ्यायला तिनं केव्हाच नकार दिला होता. तिचं मागणं एकच, घाटावरच्या आपल्या गावी जायचं. "नवशा, मना सूर्यमाळला ने रं. आपल्या झऱ्याचा पानी तोंडात पडू दे, मंग जीव गेला तरी चालंल."

पत्रा आला त्या दिवशी तिनं पेजही गिळली नाही. नवशा लगेच कामाला लागला. आढ्याचं पान वाकडंतिकडं झालं होतं. त्यानं ते दगडाखाली सपाट केलं आणि त्यावरून पत्रा कापला. इंजिनावर ठेवून पाहतो तर चारही तोंडांत तांब्याची बारीक कड चमकली. कानस घेऊन घासायचं म्हटलं तर अख्खा दिवस जाणार होता. पान खोटं बोलत नाही, आपलेच डोळे झोपेनं तारवटलेत, असं त्यानं मनाला समजावलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण या शहाण्यानं डोळ्यांदेखत दिसणारी कड सोडून पानावर भरवसा ठेवला. हेड बसवून त्यानं बोल्ट आवळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. मागच्या बाकावर नवशाची बायको हौशी सासूचं डोकं मांडीवर घेऊन बसली. पायाशी पाण्याची एक लोटी होती. सपाटीवर गाडी झकास चालली. बायडीनं वाऱ्याकडे तोंड केलं आणि कितीतरी दिवसांनी हसली. त्या हसण्यावर नवशा इतका खूश झाला, की चढणीवर इंजिन ठकठकू लागलं ते त्यानं थोडा वेळ ऐकलंच नाही.

मग फाटकन आवाज आला. मागच्या नळीतून पांढरी वाफ निघाली. पॅकिंग जळून इंजिन थंड ठेवणारं पाणी आत शिरत होतं आणि वाफ होऊन चाललं होतं. नवशानं खाली उतरून इकडेतिकडे पाहिलं. ओढे कोरडे होते. त्यानं हौशीच्या पायाशी असलेली लोटी उचलली.

"आवो, तो आयेचा पानी आहे," हौशी म्हणाली.

"यवढी चढण सरली का झरा आलाच," असं म्हणत त्यानं लोटी गाडीच्या पाण्याच्या टाकीत रिकामी केली.

गाडी दोन वळणं चढली आणि कायमची थांबली.

तेवढ्यात बायडीनं डोळे उघडले. "पानी," ती म्हणाली. हौशीनं रिकाम्या लोटीकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

नवशा दरीत धावत सुटला. खाली एका डबक्यात ओंजळभर पाणी मिळालं. पळसाचं पान तोडून त्यानं द्रोण टोचला आणि धापा टाकत वर आला. तो आला तेव्हा हौशी रडत होती. त्यानं ते पाणी आईच्या उघड्या तोंडात घातलं. ती गिळेल म्हणून तो वेड्यासारखा वाट पाहत राहिला.

वाटेवरच्या पाड्यातली माणसं आली. घोंगडीची झोळी करून त्यांनी बायडीला सूर्यमाळला नेलं. हौशीनं तो द्रोण वाटभर हातात धरला होता. उन्हं कलता कलता ते घराच्या अंगणात पोचले, तेव्हा द्रोणाची काडी आपोआप गळून पडली. नवशानं पान उचललं. सकाळी टोचलेली भोकं सैल झाली होती. अर्ध्या दिवसाच्या उन्हानं पान आक्रसलं होतं.

आजवर त्यानं पान दाबलं त्याच दिवशी पत्रा कापला होता. आढ्यावर नऊ दिवस वाळलेलं पान त्यानं आयुष्यात एकदाच वापरलं.

"तिची येळ भरली व्हती, दादा," धाकटा भाऊ सुकऱ्या म्हणाला.

"नाय रं," नवशा म्हणाला. "मना कड दिसली व्हती." आणि तो हमसाहमशी रडू लागला.

सुकऱ्या झऱ्यावर जाऊन पाणी घेऊन आला. आईची इच्छा म्हणून त्यानं ते तिच्या तोंडात घातलं. ते ओठांवरून ओघळून अंगणातल्या मातीत गेलं.