पाच शहरं, पाच दाढ्या

जग बघायला निघालेली माणसं मनोरे बघतात, पूल बघतात, अगदीच काही नाही तर दुकानांच्या काचा बघतात. आमच्या अण्णांनी सलूनच्या खुर्च्या बघितल्या. सांगून खोटं वाटेल, पण एवढाले समुद्र ओलांडून माणूस गेला आणि दाढी करून आला!

अण्णांनी स्वतः बेचाळीस वर्षं सलून चालवलं. मुलगी ठमी, म्हणजे नाव काहीतरी चांगलं आहे तिचं, पण ते शाळेच्या दाखल्यावरच राहिलं, गेली आठ वर्षं, लग्न झालं तरी, त्याच दुकानात शेजारच्या खुर्चीवर केस कापते. तिच्या धाकट्या भावाने परदेशातून दोघांची तिकिटं पाठवली आणि वर बजावलं, "ताई, महिनाभर शटर खाली. अण्णांना फिरवून आण." ठमीने आठवडाभर खपून यादी केली. कुठल्या गावी काय बघायचं, कुठली बस, रांग कुठे लावायची, सगळं वहीत.

पहिल्या शहरात मोठ्ठा घड्याळाचा मनोरा होता. लोक माना मोडेस्तोवर वर बघत होते. अण्णा म्हणाले, "घड्याळ आपल्याही भिंतीवर आहे," आणि रस्ता ओलांडून समोरच्या सलूनमध्ये शिरले. बाहेर आल्यावर गाल चोळत म्हणाले, "हात हलका आहे पोराचा. पण पाणी कोमट. कोमट पाण्याची दाढी म्हणजे व्याह्यांनी केलेलं स्वागत, नुसतं वरवरचं."

दुसऱ्या शहरात रस्त्यांच्या जागी कालवे. ठमीला नावेत बसायचं होतं. बसले दोघं, पण दुसऱ्याच धक्क्यावर अण्णांना काचेआड पांढरा ॲप्रन दिसला आणि त्यांनी उडी मारली म्हणा ना. तिथला कारागीर दाढी करताना गात होता. "गाणाऱ्याला घाई नसते," हा निकाल. तिसरं शहर डोंगरावरचं. वर किल्ला, खाली एका जिन्याच्या पोटात एकच खुर्ची आणि अण्णांच्याच वयाचा म्हातारा. त्याने गरम टॉवेल तीनदा ठेवला. अण्णा इतके खूश, की भाषा येत नसताना दोघं अर्धा तास बोलले. काय बोलले ते देव जाणे! चौथ्या शहरात चाळिसाव्या मजल्यावरचं सलून. खाली सगळं शहर दिव्यांच्या माळांसारखं पसरलेलं, अण्णांनी तिकडे पाठ केली. "खुर्ची विमानाची आणि दाढी बैलगाडीची," म्हणाले.

दर वेळी ठमी बाकावर वही घेऊन बसलेली. वरून हसायची, पण आत तिचा जीव जळत होता. त्याचं कारणही सांगून टाकतो.

गेल्या वर्षापासून अण्णांचा उजवा हात थरथरायला लागला होता. वस्तरा त्यांनी आपणहून खाली ठेवला, गिऱ्हाइकाच्या गळ्याशी खेळ नको म्हणून. मग वस्तरा घेणार कोण? ठमीने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा एकच उत्तर, "कात्रीची चूक पंधरा दिवसांत भरून येते पोरी. वस्तऱ्याची येत नाही." परत गेल्यावर एक तारखेपासून वस्तऱ्यासाठी बाहेरचा माणूस ठेवायचं पक्कं झालं होतं. तो एकदा खुर्चीमागे उभा राहिला, की ठमी जन्मभर कात्रीवालीच. दुकान तिचं म्हणायचं ते नुसतं म्हणण्यापुरतं.

चौथ्या शहरात, लिफ्टमधून खाली येताना, तिचा बांध फुटला.

"अण्णा, ज्यांचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, त्यांच्यापुढे डोळे मिटून गळा उघडा करता. माझ्याच हाताला काय काटे आहेत?"

अण्णा मजल्यांच्या आकड्यांकडे बघत म्हणाले, "त्यांच्या हातून कापलं तर मी उठून चालू लागेन. तुझ्या हातून कापलं तर मला तुला कायमचं नाही म्हणावं लागेल. ते माझ्याच्याने होणार नाही."

ठमीला रागही आला आणि बापाची दयाही आली.

पाचव्या शहरात संग्रहालय होतं. अर्थात संग्रहालयाच्या मागच्या गल्लीत सलून होतं. खुर्च्या दोन, माणूस एक. एका खुर्चीत एक गलेलठ्ठ गृहस्थ आडवा, डोळ्यांवर ओला टॉवेल, तोंडभर फेस. उजवा गाल झाला होता, डावा राहिला होता. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. सलूनवाल्याने काचेतून बघितलं, तर त्याचीच गाडी पोलिसांच्या क्रेनने उचललेली! वस्तरा टेबलावर ठेवून, ॲप्रनसकट, तो गाडीमागे धावत सुटला.

पाच मिनिटं गेली, सात गेली. फेस वाळायला लागला. गृहस्थाने "हं?" असा एक आवाज काढला. अण्णांची बाकावर चुळबुळ सुरू झाली.

"अर्धी दाढी सोडून जातं का कुणी! घराला आग लागली तरी आधी दाढी पुरी करावी."

"अण्णा, बसा खाली. पोलिसात देतील आपल्याला."

पण अण्णा उठलेच. बेचाळीस वर्षांचे हात ते, मालकाला विचारून थोडेच चालतात! डाव्या हाताने ब्रश भिजवला, झकास फेस केला, गृहस्थाच्या गालाला लावला. गृहस्थाला वाटलं आपलाच माणूस परत आला. तो सुखाने सैलावला. अण्णांनी वस्तऱ्याला नवं पातं घातलं, वस्तरा उचलला, कानापाशी नेला, आणि पात्याचं टोक थरथरायला लागलं.

अण्णा तसेच थिजले. पुढे जाववेना आणि वस्तरा खाली ठेववेना. खाली त्या बिचाऱ्याच्या गळ्याची शीर संथ उडत होती. अण्णांच्या तोंडावर जे उमटलं ते ठमीने जन्मात बघितलं नव्हतं. अण्णा भ्याले होते.

ती उठली. बापाचं मनगट धरलं, वस्तरा काढून घेतला आणि खुर्चीमागे उभी राहिली. अण्णांनी तिच्याकडे बघितलं, पण नाही म्हणाले नाहीत.

ठमीने दोन बोटांनी कातडी ताणली आणि कानाच्या पाळीपासून खाली वस्तऱ्याचा एक हात ओढला. अण्णांनी तोंड उघडलं, "कोन जरा..." म्हणायला, तोवर तिने कोन धरलाही होता. हनुवटीच्या वळणाशी अण्णांनी पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. गळ्यापाशी तर त्यांनी श्वासच धरला. केसांच्या दिशेने सुलटी दाढी झाली. तिने परत फेस लावला, केसांच्या विरुद्ध उलटी दाढी केली. कुठे लाल टिपूससुद्धा नाही.

सलूनवाला घामाघूम होऊन दारात आला आणि ओरडलाच. धावत येऊन त्याने आधी गिऱ्हाइकाचा गळा बघितला. मग डाव्या गालावरून खालून वर तळवा फिरवला. मग उजव्या गालावरून, तो त्याने स्वतः केलेला. मग परत डाव्यावरून. त्याचा आवाज खाली आला. गृहस्थाने टॉवेल काढला, आरशात प्रवासी बूट घातलेली परकी बाई वस्तरा घेऊन उभी दिसली, तसा दचकला. मग गाल चाचपले आणि गदगदून हसायला लागला.

सलूनवाल्याने ठमीकडे बोट केलं, मग अण्णांकडे. खुणेनेच विचारलं, तुम्ही शिकवलंत?

अण्णांनी नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. कोण विचारायला येणार होतं? पण त्यांनी हात जोडले आणि चक्क मराठीत म्हणाले, "नाही हो. मी शिकवायला हवं होतं. मी नाही शिकवलं." मग लेकीकडे वळले, "कुठे शिकलीस?"

"तुमच्या जावयाच्या गालावर. सहा वर्षं, दर रविवारी, स्वयंपाकघरात."

"आणि मी त्यांना विचारत होतो, जावईबापू, कुठल्या सलूनला जाता!"

"मग ते काय म्हणायचे?"

"घराजवळच आहे म्हणायचे. चोर आहेस तू, आणि तोही चोर."

अण्णा रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. सदऱ्याचं वरचं बटण काढलं, डोकं मागे टेकवलं. सलूनवाल्याला काय कळलं कोण जाणे, त्याने आपला वस्तरा पुसून ठमीच्या हातात दिला.

"त्या एक तारखेच्या माणसाला कळव. येऊ नको म्हणावं."

"आधी दाढी तर होऊ द्या. मग ठरवा."

"ठरवून बसलोय."

ठमीने फेस लावला, वस्तरा घेतला, बापाच्या गालावर बोटं ठेवली आणि थांबली. "अण्णा, मला काही दिसतच नाहीये."

"मग आधी डोळे पूस, वेडे. रडत रडत कुणी दाढी करतं का?" डोळे मिटूनच अण्णा म्हणाले. "सावकाश कर. मी बसलोय."