शेवंतीचा कौल

लवूने थर्मामीटर झटकला, शेवंतीच्या जिभेखाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला. पारा केव्हाच चढून थांबला असणार, पण तो काही काढेना. तोंडात थर्मामीटर असलेल्या बाईला बोलता येत नाही, ही सोय त्याच्या चांगलीच लक्षात आली होती. त्याने नाडी बघितली, पट्टी बघितली, पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीची उगाच चौकशी केली. शेवटी शेवंतीनेच थर्मामीटर काढून त्याच्या हातात ठेवला.

ताप नव्हता. टाके सुकत आले होते. म्हणजे सगळं छान होतं, आणि लवूला मात्र अन्न गोड लागत नव्हतं.

मुंबईत डॉक्टरीच्या चौथ्या वर्षाला असलेला लवू परब मे महिन्याच्या सुट्टीत बोटीने मालवणला उतरला होता आणि डॉक्टर तेंडोलकरांच्या छोट्या इस्पितळात काम शिकायला लागला होता. डॉक्टर तोंडाचे फटकळ. त्यांनी आल्या आल्याच बजावलं होतं, की पुस्तकं तुला तिकडे घोकायला लावतीलच, इथे माणसांशी बोलायला शीक.

शेवंती त्याच्याच वाडीतली, शेजारच्या गणपतची बायको. दोन मुलींची आई, अजून तिशीही न ओलांडलेली. वर्षभर अंगावरून जात होतं आणि चेहरा पांढराफटक पडला होता. लवूनेच तिला डॉक्टरांकडे आणून दाखवली. गर्भाशयात एवढ्या गाठी झाल्या होत्या की पिशवीच काढावी लागणार होती, नाहीतर ही बाई दिवाळी बघायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिला समजावून तयार कर, म्हणून त्यांनी लवूला तिच्या घरी धाडलं.

गणपतला त्याने गोठ्यामागे गाठलं आणि सगळं सांगितलं, पिशवीचंही. गणपत नुसता पायाने माती उकरत राहिला. त्याची आई हौसाबाई मात्र ठाम होती. सुनेच्या अंगाला सुरी लावायची तर आधी देवाला विचारायचं, रवळनाथाला कौल लावायचा. गुरव देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवणार. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आणि डावी पडली असती तर साक्षात ब्रह्मदेव आला असता तरी हौसाबाई हलली नसती.

हे लवूला कोणी सांगायला नको होतं, तोही त्याच देवाच्या पायरीवर वाढलेला. म्हणून आदल्या संध्याकाळी तो शिवा गुरवाच्या घरी गेला. डावी पडली तर बाई मरेल, एवढंच म्हणाला. शिवा बराच वेळ सुपारी कातरत बसला आणि मग, देवाला मी काय सांगू, असं त्याने विचारलं. दुसऱ्या दिवशी शिवाने देवापुढे गाऱ्हाणं घातलं, डावी पाकळी जरा जास्तच दाबून बसवली आणि थोड्या वेळाने उजवी पडली. हौसाबाईने डोळे मिटून हात जोडले. लवूनेही जोडले, पण मान वर करायची त्याची छाती झाली नाही.

बाईला नीट सांगितलंस ना, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा, घरी सगळं बोलणं झालंय, असं तो म्हणाला. यात आपण काही खोटं बोललो असं त्याला मुळीच वाटलं नाही. नवऱ्याला सांगितलं म्हणजे बायकोला सांगितलं, असाच वाडीचा रिवाज. कौलाचं तेवढं त्याने पोटात ठेवलं. ऑपरेशन नीट पार पडलं, आणि परबाच्या जिभेवर साखर आहे, असं म्हणत डॉक्टरांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. देवाचं नाव वापरून आपण एका बाईला फसवलं, हे त्याला खाता-पिता आठवत होतं. वर ती बिचारी त्याला बघितलं की हसायची.

आज ती हसली नव्हती. हौसाबाई बाजारात गेली होती आणि पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीला डुलकी लागली होती. लवूने स्टूल ओढलं. आता नाही बोललो तर जन्मात बोलायचो नाही, असं त्याला वाटलं.

"वयनी, तो कौल देवान दिलेलो नाय," तो म्हणाला. "मी आदल्या दिसा शिवाक सांगलेलंय. तेणा डावी पाकळी आंगठ्यान दाबून बसवल्यान."

शेवंती छताकडे बघत होती.

"म्हायत आसा माका," ती म्हणाली. "मी गाभाऱ्याच्या दारातच होतंय. शिवाचो आंगठो दिसलो."

"मगे तेव्हाच बोललंस कित्याक नाय?"

"बोलान काय करतलंय? दुखणा माझा होता. कौल कसो तरी उजवो पडाक व्हयो होतो."

लवूच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतके दिवस आपण उगाच जीव जाळला, ही तर आपल्याच बाजूची निघाली, या आनंदात त्याला हसूच फुटलं. तिची चादर त्याने नीट केली, पेज आणायला सांगू का म्हणून विचारलं आणि तो उठला.

"बस मरे," शेवंती म्हणाली.

तो बसला. तिने उशीवरून मान वळवून पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. काल अंग पुसताना नर्मदा आया तिला म्हणाली होती, बरं झालं, पिशवी गेली, आता पोरांचं जंजाळ नको नि काही नको. नर्मदेला वाटलं, हिला ठाऊकच आहे. शेवंतीने तिला काही विचारलं नाही. हे सगळं तिने लवूला अगदी सावकाश सांगितलं, आवाज न चढवता.

"पिशवी जातली, ता तुका पयलीच म्हायत होता?"

"होय."

"मी हयसर इलंय त्या दिसा तुका विचारलेलंय, पुढच्या बाळंतपणाक त्रास होवचो नाय मा म्हणान. तू म्हटलंस, आधी बरी तर हो."

लवूला आठवलं. तो तसंच म्हणाला होता, आणि म्हणताना केस पेपर चाळत होता.

"मी गणपतदादाक सांगलेलंय," तो कसाबसा म्हणाला.

"तेंच्या पोटात होती ती?"

बाहेर कुणीतरी बादली ठेवली. कौलाची एवढी मोठी चोरी त्याने कबूल केली होती, आणि तिला त्याचं काहीच नव्हतं. ज्याला तो चोरी समजतच नव्हता, तिथेच तिने बोट ठेवलं होतं. आता माफी मागायची तर कुठून सुरुवात करायची, हेही त्याला कळेना.

"तुका सांगलं असतंय," त्याने विचारलं, "तर तू नाय म्हटलं असतंस?"

शेवंतीने विचार केला. खरोखरच केला, मुली, घर, गेलं वर्ष, सगळं तिच्या तोंडावरून सरकताना त्याला दिसलं.

"होयच म्हटलं असतंय," ती म्हणाली. "पण मी म्हटलं असतंय."