कवितेत नसलेली बायको

"कवितेत बायको कुठून आली हो?" बेकरीवाला हसत म्हणाला. "आम्ही सगळ्यांनी कविता पालथी घातली. सैनिक आहे, मेलेला माणूस आहे, बूट आहेत. बायकोचा पत्ता नाही. पण वहिनी हट्टालाच पेटल्या."

कोपऱ्यातल्या बाकावर लिफ्ट दुरुस्त करणारा अंग चोरून बसला होता. त्याची बायको, या सगळ्यांची वहिनी, मोठ्या माणसांच्या या वर्गात शिकायची. उतारवयात तिला शिकायची हौस आली आणि शिक्षण अर्धवट टाकून ती वारली. तिची पुस्तकं परत करायला तो आला, तर शिकवणाऱ्या बाईंनी त्याला बसवूनच घेतलं. "बसा ना, भाऊ. त्यांचीच जागा आहे ती."

खिडकीतून ऊन येत होतं आणि त्यात खडूची धूळ तरंगत होती. ती गेल्यापासून माणसांचे आवाज त्याला पाण्याखालून आल्यासारखे वाटत. आपण इथे आहोत की घरी, हेही मधूनच कळेनासं होई.

बाईंनी त्याच्यासाठी कविता पुन्हा वाचली. बुटाची नाडी बांधायला वाकलेल्या शत्रूला एक सैनिक गोळी घालतो. युद्ध संपतं. सैनिक घरी येतो, पण स्वतःची नाडी बांधायला वाकला की समोर तो दुसराही वाकलेला दिसतो. शेवटी सैनिक बूट घालायचंच सोडतो.

लिफ्टवाल्याच्या वाट्याला बूट नव्हे, नदी आली होती. तरुणपणी, सैन्यात असताना. बंदूक काठावर ठेवून शत्रूचा एक जण तोंड धूत होता. त्याने वर पाहिलं, पण डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे त्याला काही दिसलं नसावं. आपण गोळी झाडली, हे लिफ्टवाला कुणालाच बोलला नव्हता. बायकोला तर नाहीच. तिला कळलं तर आपल्या हातचं पाणीही ती पिणार नाही, अशी भीती त्याने लग्नापासून बाळगली होती.

"प्रश्न असा होता," बाई म्हणाल्या, "की सैनिकाचं हे दुःख कोणाला ठाऊक आहे? त्याला एकट्यालाच, हे उत्तर. वहिनींनी सांगितलं, दोघांना. मी चूक दिली."

"आणि मग केवढ्या भांडल्या!" शेजारच्या बाकावरची नर्स म्हणाली. "म्हणाल्या, 'कवितेत नसेल बायको, पण घरात असेल की! तो झोपेत बोलतो, ती ऐकते.'"

"झोपेत?" लिफ्टवाला म्हणाला. "पण हिची झोप फार गाढ. कानाशी ढोल बडवले तरी उठायची नाही. मी चेष्टा करायचो तिची."

नर्सने त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मग ती बायको त्याला विचारत का नाही?" त्याने विचारलं.

"मीही हेच म्हटलं," बेकरीवाला आता हसत नव्हता. "तर म्हणाल्या, विचारलं तर तो बिचारा झोपायचंच सोडून देईल."

"बिचारा म्हणाली?"

"हो ना! मी चिडलोच. म्हटलं, अहो, माणूस मारलाय त्याने, बिचारा कसला? तर म्हणतात, 'मारलाय, म्हणून तर तळमळतोय ना! जरा झोपू दे की मेल्याला.'"

सगळा वर्ग हसला. त्यालाही हसू फुटलं, आणि हसता हसता त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"उत्तर चूकच आहे हं, भाऊ," बाई हळूच म्हणाल्या. "कवितेत तसं कुठेच नाही."

"नसेल," तो म्हणाला.

घरी आला तेव्हा ऊन अजून खोलीत होतं. तो पलंगावर तिच्या बाजूला पहिल्यांदाच आडवा झाला. ती झोपायची तसा, कपाटाकडे तोंड करून. कपाटाच्या आरशात पाठीमागची त्याची उशी दिसत होती. उशीवरचा त्याच्या डोक्याचा खळगासुद्धा स्वच्छ दिसत होता.