इस्त्री करून नेलेले हात

सकाळी सकाळी कोणी "काय, बरी आहेस ना?" असं विचारलं की त्याच्या अंगावर कप फेकावासा वाटायचा. फेकते कसली! सकाळी मला कपाचा कानसुद्धा धरता येत नव्हता.

बोटं जागीच व्हायची नाहीत. दोन्ही हातांची, आणि दोन्हीकडे अगदी सारखीच. बोटांच्या मुळाशी फुगलेलं, दाबलं तर मऊ आणि गरम लागायचं. बिछान्यातून पाय खाली टाकला की खडीवर उभी आहे असं वाटायचं. अर्धी सकाळ अशी गेल्यावर हळूहळू सगळं सैल पडायचं आणि मी माणसात यायचे. मग दुपारी असा थकवा यायचा, की उभ्या उभ्या झोपावं. अंगात बारीक कणकण असायची ती वेगळीच. कशाचा कशाशी संबंध लागेना. पायांचं खापर मी चपलांवर फोडलं, हातांचं थंडीवर आणि थकव्याचं वयावर.

मी कटर आहे. आम्हा भावंडांच्या शिवणकामाच्या दुकानात कापड बेतून कापायचं काम माझं, गिऱ्हाईक आणि कारागीर सांभाळायचं दादाचं. वर घर, खाली दुकान. चुकलेली शिवण उसवता येते, चुकून कापलेलं कापड परत जोडता येत नाही. म्हणून दादा एकदा सहज म्हणाला, की हात चालत नसतील तर सांग, बाहेरून माणूस बघतो, तेव्हा मी घाईघाईनं नको म्हटलं. कापायचं टेबल गेलं तर दुकानात मी कोण? बटणं लावणारी? माझ्याच शर्टाची बटणं सकाळी वहिनी लावून देत होती, तीही दादाच्या नकळत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ मिटतच नव्हती, तरी झाकून ठेवायची हौस दांडगी.

शेवटी वहिनीनंच सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंची दुपारची वेळ घेतली. आणि तिथे मी जे दिवे लावले, ते आमच्यासारख्या कपडे शिवणाऱ्यांच्या घरातलं माणूसच लावू शकतं. आमच्या अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, लहानपणापासून आम्हाला एक गोष्ट घोकवली होती, की बिनइस्त्रीचा कपडा गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही. मग मी तरी बिनइस्त्रीची कशी जाणार? सकाळपासून गरम पाण्यात हात बुडवून बसले. दुखणं मारायची गोळी घेतली, वर आणखी एक घेतली. बोटं चोळली, वळवली, केस चापूनचोपून बांधले आणि ऐटीत गेले.

बाई म्हणाल्या मूठ वळा, मी वळली. माझी बोटं दाबा म्हणाल्या, तर अशी दाबली की त्यांनीच हात मागे घेतला. सकाळी किती वेळ आखडतं, असं विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांचं आखडतं तेवढंच. काही गोळी घेतलीत का, तर छे, कुठे काय! तरी त्यांनी रक्त तपासायचा कागद दिलाच. तो मी पर्समध्ये कोंबला. वहिनी माझ्याकडे डोळे वटारून बघत होती, मी तिच्याकडे बघितलंच नाही.

दादाला सांगितलं, काही निघालं नाही. त्याचा चेहरा असा खुलला की घटकाभर मलाही ते खरं वाटलं. त्याच भरात त्यानं एका हॉटेलचं कोटांचं मोठं काम घेतलं. मी पुढचे कित्येक महिने गोळ्यांवर रेटले. मनाला स्वस्थता म्हणून नव्हती. रस्त्यानं चालताना, जेवताना, कोणाशी बोलताना मी सारखी मूठ वळून बघायचे.

मग एका सकाळी जाड कापडाचे थर लावले होते आणि कात्री मिटेना. दोन्ही हातांनी जोर लावला तशी ती खडूची रेघ सोडून सरळ मुंढ्यात घुसली, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाव्यात. सगळे थर गेले. दादा धावत आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं कात्री माझ्या हातातून घ्यायला बघितली, पण ती सुटेना. त्याला माझं एकेक बोट धरून उलगडावं लागलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

वहिनीनं मला होते तशीच उचलली. केस मोकळे, पायात तिच्या चपला. बाईंनी पंजा दोन्ही बाजूंनी जरासा दाबला आणि मी "आई गं" करून किंचाळले. मग लाजबीज सोडून सगळं सांगितलं, गोळ्यांसकट. चपला, थंडी, वय यांच्या नावावर मी जे जे खपवलं होतं, ते बाईंनी एका माळेत ओवलं. सांध्यांची झीज असती तर काम करून संध्याकाळी दुखणं वाढलं असतं, तुमचं उलटं आहे, म्हणाल्या. रक्त झालं, एक्स-रे झाला. हा संधिवात आहे, शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच सांध्यांवर उलटली आहे, असं त्यांनी समजावलं. वहिनी म्हणाली, म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं. बाई म्हणाल्या, अगदी तसंच.

एक्स-रेमध्ये उजव्या तर्जनीच्या मुळाशी हाड कुरतडल्यासारखं दिसत होतं. मी विचारलं, "मी पहिल्यांदा आले तेव्हा हे होतं?"

"बहुतेक नसावं," बाई म्हणाल्या. "हे आता भरून येणार नाही. बाकीची बोटं वाचवायला बघू."

औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतील, मधूनमधून रक्त तपासावं लागेल, असं बरंच काही त्या सांगत होत्या. मी नुसती त्या बोटाकडे बघत होते. स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती, आणि हातात तेवढाही जोर नव्हता.

दुकानात दादा वाया गेलेल्या कापडाचे तुकडे गोळा करत होता. काय म्हणाल्या, त्यानं विचारलं. 'काही नाही' हे शब्द सवयीनं अगदी जिभेवर आले होते.

"दादा, दुसरा कटर बघ."

तो खाली बघूनच म्हणाला, "कायमचा की तेवढ्यापुरता?"

"माहीत नाही. बाईंनाही माहीत नाही."

त्यानं तुकड्यांची घडी घातली, परत मोडली, परत घातली. "तो कापेल तेव्हा तू शेजारी उभी राहशील ना? मला एकट्याला यातलं काही कळत नाही गं."

"राहीन," मी म्हटलं. "पण दुपारनंतर. सकाळी मला जमत नाही."