टोपीआडचं चांदणं

मार्गशीर्षाची पौर्णिमा वैनगंगेवर उतरली ती सावकाश, सम्राज्ञीच्या चालीनं. आधी देवळाचा कळस रुपेरी झाला, मग पवनीच्या घाटाच्या काळ्याभोर पायऱ्या एकामागून एक उजळत गेल्या, आणि सगळ्यात शेवटी पाण्यानं ते शुभ्र-शीतल वैभव अंगावर घेतलं. वारा पडला होता. धुकं नदीच्या मधोमध उभं होतं, निश्चल, निःशब्द, निरभिलाष. थंडी मात्र चांगलीच होती.

चांदणं, सांगून ठेवतो, मोठं आळशी! सूर्य फिल्मवर निमिषात सही ठोकून मोकळा होतो. चांदण्याला वेळ लागतो. त्याला घाई खपत नाही, त्याला आरडाओरडा खपत नाही. भिंग उघडं ठेवून बसा, श्वास आवरून बसा, बारा मिनिटं बसा. मग ते थेंबाथेंबानं आत झिरपतं आणि जे थांबलं तेवढंच लिहून घेतं. समोरून चालत गेलेला माणूस त्याच्या खिजगणतीत नसतो. लाटा पुसल्या जातात, नदी सायीसारखी सपाट होते. जो थांबतो तो राहतो, बाकी कोणी नाही.

हे मर्म पवनीत एकट्या शालिकराम नखात्यांना ठाऊक होतं. चांदणी फोटो स्टुडिओचे मालक, वय सदुसष्ट, डोक्यावर काळी टोपी, उजव्या मनगटावर घड्याळ. उजव्याच का? तर सगळं गाव डाव्यावर बांधतं म्हणून! चाळीस वर्षं त्यांनी पोटासाठी दिवसाउजेडी फोटो काढले, वरातींचे, बारशांचे, शाळेच्या दाखल्यांचे. पण पौर्णिमा त्यांची स्वतःची. त्या रात्री रोलचा जुना कॅमेरा स्टँडवर चढवून ते घाटावर उभे राहत, आणि गावानं कितीही वेड्यात काढलं तरी तसूभर हटत नसत. स्टुडिओच्या भिंतीवर आजही त्यांच्या चंद्रप्रकाशित घाटाच्या तसबिरी आहेत, एकीहून एक देखणी.

आणि सगळ्या रिकाम्या. एकीतही माणूस नाही. तेच त्यांना आताशा सलत होतं.

कारण ज्या माणसाला तिथं बसवायचं ते कधी स्वस्थ बसलंच नव्हतं. देवकाबाई, त्यांची बायको. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्याची गाठ मारायची, दिवसाला हजार बिड्या. लहानपणापासून बोटांना अशी काही सवय जडली की सूप बाजूला ठेवलं तरी ती हवेतच वळत राहत. बोलताना वळत, देवापुढे वळत, झोपेतसुद्धा वळत. लग्नाच्या फोटोत नवरीचे हात धुरकट आले आहेत. पुढचे फोटो तर बघवत नाहीत. साऱ्या गावाला "हलू नका" म्हणणाऱ्या माणसाच्या घरात बायकोचा एक धड फोटो नव्हता.

आणि दोन वर्षांपूर्वी, एका सकाळी चहाची बशी हातात खुळखुळली. आधी थोडी, मग रोज. शालिकरामांचे दोन्ही हात थरथरू लागले. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, हे वाढत जाईल. त्या दिवशी घरी येऊन शालिकरामांनी कपाटातून जपून ठेवलेला शेवटचा रोल काढला. बारा फोटोंचा. हात अगदीच निकामी व्हायच्या आत देवका घाटावर बसलेली हवी, चांदण्यात हवी, स्पष्ट हवी. नाहीतर भिंतीवरचा तो घाट जन्मभर रिकामाच राहणार होता.

कॅमेऱ्याला एक लवचीक तार असते. तिचं टोक अंगठ्यानं दाबलं की आतला पडदा उघडतो, आणि दाबून धरलं तोवरच उघडा राहतो. टोक अडकवून ठेवायचा स्क्रू केव्हाच झिजून गेलेला. एवढी वर्षं तो अंगठाच बारा बारा मिनिटं शिळेसारखा स्थिर राहत आला होता. आता अंगठा थरथरे, अंगठ्याबरोबर तार थरथरे, तारेबरोबर स्टँडचे सांधे खुटखुट वाजू लागत. कोजागिरीला पाच फोटो गेले. त्रिपुरीला सहा गेले. रोल धुवायची गरजच नव्हती, ती खुटखुटच सगळं सांगायची. दर वेळी पायरीवरून देवकाबाई विचारायच्या, "हलला का जी?"

"हलला."

अकरा वेळा हेच.

आज बारावा. शालिकरामांनी तार हातात घेतली आणि स्टँड वाजू लागला. त्यांनी तार सोडली. पुन्हा धरली, पुन्हा सोडली. समोर नदी रौप्यमयी, वर आकाश ज्योत्स्नामय, आणि त्या अमाप उजेडात एक ताठ मानेचा म्हातारा मान खाली घालून उभा. भीती वाटत होती त्यांना, दुसरं काही नाही.

देवकाबाई पायरीवरून उठून जवळ आल्या. "काहून दाबून धरता जी? बांधून टाकू न."

"कशानं?"

कमरेच्या पिशवीतून बिडीच्या दोऱ्याची गुंडी निघाली.

शालिकराम उखडले. "पडदा उघडला की उजेड आत जाते. तू गाठ मारेपर्यंत सगळं हलून जाईल."

"तर मग त्या डब्ब्याच्या तोंडावर टोपी धरा. भातावर झाकण ठेवत नाही का आपण? हलणं-डुलणं आटोपू द्या, मग काढा."

शालिकराम बघतच राहिले. चाळीस वर्षांची विद्या, आणि हे सुचावं कोणाला, तर भात शिजवणारीला! "अरे बापा," एवढंच म्हणाले, आणि मग त्या गारठ्यात मोठ्यानं हसले. देवकाबाईंनाही हसू आलं.

टोपी उतरली. डाव्या हातानं त्यांनी ती भिंगासमोर धरली, कॅमेऱ्याला न टेकवता. उजव्या अंगठ्यानं तार दाबली. देवकाबाईंनी दोऱ्याचे दोन वेढे घेतले, नखानं गाठ सारली, झालं! स्टँड खुटखुटला, खुशाल खुटखुटू दे. टोपीआड अंधार होता आणि अंधारात काहीच लिहिलं जात नाही. देवकाबाई आपल्या पायरीवर जाऊन बसल्या. सांधे शांत झाले. शालिकराम टोपी बाजूला घेणार, तेवढ्यात त्यांची नजर तिच्या मांडीवर गेली.

"देवका, बोटं."

ती वळत होती. नसलेलं पान, नसलेली तंबाखू, नसलेली गाठ.

"ऐकत नाहीत जी. रिकामी राहिली की वळतात."

"पदराखाली घे."

"तिथंही वळतात. त्यांना धरायला काहीतरी पाहिजे." देवकाबाईंनी हात पुढे केला. "तुमचा हात द्या. इकडं या."

"मी? फोटोत?" शालिकरामांचा आवाज चिरकला. "अन् माझा हात हलला मग? सगळं मातीत जाईल, देवका. शेवटचा आहे हा."

"शेवटचा आहे म्हणूनच या. चाळीस वर्षं त्या डब्ब्याच्या मागं लपले. आता पुरे झालं न जी."

शालिकरामांनी टोपी भिंगासमोरून काढली. ती त्यांच्या हातात थरथरत होती, पण हवेत थरथरत होती. कॅमेऱ्याला त्याचा पत्ताही लागला नाही. मग ते चालत गेले, पायऱ्या उतरत गेले, आणि चांदण्यानं त्यांचं चालणं मुळीच लिहून घेतलं नाही. ते देवकाबाईंच्या शेजारी बसले. तिनं त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट धरला.

मग चांदणं कामाला लागलं. कळसावरून उतरलं, पायऱ्यांवरून ओघळलं, पाण्यावरून परतलं, आणि त्या अंधाऱ्या डब्यात थेंब थेंब साठत गेलं. नदी वाहत होती आणि पुसली जात होती. धुकं विरत होतं आणि पुसलं जात होतं. दूर पुलावरून एक ट्रक गेला, त्याची एक पिवळी रेघ राहिली असेल तर राहो. दोघं हलली नाहीत. पाय बधिर झाले, नाकाचे शेंडे गार पडले, डास आला आणि पोटभर पिऊन गेला.

शालिकरामांनी मान न हलवता नजर खाली वळवली. घड्याळ उजव्या मनगटावर होतं आणि मनगट तिच्या पकडीत होतं. दोन वर्षांत त्यांना सेकंदाचा काटा नीट दिसला नव्हता. हातासकट सगळं घड्याळच नाचायचं. आज काटा दिसत होता. एक घर, दुसरं घर, तिसरं घर, संथ, सरळ, स्वच्छ. हात थांबला होता. आणि त्या हाताभोवती तिची बोटं, हजार बिड्यांची ती अविश्रांत, अविरत, अनावर बोटं, तीही थांबली होती. रडलं तर खांदे हलतात, म्हणून शालिकराम रडले नाहीत.

बारा मिनिटं झाली. ते उठले, भिंगासमोर टोपी धरली, देवकाबाईंनी दातानं दोरा तोडला आणि पडदा मिटला.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या अंधारखोलीत लाल दिवा लागला. रोल धुऊन, वाळवून झाला होता. आता त्या बाराव्या फोटोचा कोरा कागद औषधाच्या ट्रेमध्ये पडला होता. कागदावर चित्र उमटेपर्यंत ट्रे सारखा हलवत ठेवावा लागतो. शालिकरामांनी तो दोन्ही हातांत धरला मात्र, हातांनी आपलं काम आपणच सुरू केलं. "बघा, अजून कामाचे आहेत," देवकाबाई म्हणाल्या. शालिकरामांनी मोठ्या तोऱ्यात मान डोलावली.

कागदावर आधी कळस आला. मग पायऱ्या आल्या, सायीसारखी नदी आली, आभाळात ताऱ्यांचे इवले ओरखडे आले. मग देवकाबाई आल्या, नाकातल्या खड्यापर्यंत स्पष्ट. मग शेजारी शालिकराम, बोडक्या डोक्याचे, जरासे पुसट. आणि त्यांच्या गुडघ्यावर डाव्या हाताच्या जागी नुसतं धुकं.

"हलला का जी?"

"डावा हलला."

"अन् उजवा?"

शालिकराम ट्रेवर वाकले. उजवा अजून उमटत होता. तिच्या दोन मुठींमधून हळूहळू तो वर येत होता, आधी अंगठा, मग नखं, मग शिरा, एकेक शीर. तिची बोटं, त्याचा हात. त्याचा हात, तिची बोटं.

"नाही हलला," ते म्हणाले. "देवका, नाही हलला."

ट्रे हलत होता. औषध हलत होतं, औषधातला लाल दिवा हलत होता, भिंतीवर दोघांच्या सावल्या हलत होत्या. आणि त्या साऱ्या हलण्याच्या तळाशी, भिजल्या कागदावर, तीन हात थांबले होते.