गुरगुर कोणी थांबवली?

आमच्या वर्गात ‘चिडला’ हा शब्द लिहायला बंदी आहे. मॅडम तो लाल पेनाने खोडतात आणि समासात विचारतात, ‘तुम्हाला काय दिसलं?’ मग लिहायचं: कान मागे, तोंड मिटलेलं, वजन पुढच्या पायांवर. कुत्र्यांच्या वर्तनाचं शिक्षण म्हणजे पहिलं वर्षभर बहुतेक एवढंच.

त्या रविवारी मला दिसलं ते असं: दादाच्या उजव्या हाताला पट्टी, आत तीन टाके. मान पुढे. बोट माझ्या नाकासमोर.

“शनिवारी अकरा वाजता डॉक्टर येतायत. एक इंजेक्शन, विषय संपला.”

“बाबांचा कुत्रा आहे तो.”

“म्हणूनच बाबा गेल्यावर चार महिने सांभाळला. कॉट सरकवायला वाकलो तर खालून थेट हात धरला. गुरगुरला असता तर मागे झालो असतो. न सांगता चावणारा कुत्रा घरात ठेवू नये, हे तुझ्या पुस्तकात नाही?”

होतं. अगदी याच शब्दांत होतं, आणि म्हणूनच त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली.

“शनिवारपर्यंत त्याच्याजवळ मी बसते.”

“बस की. शेपूट नळीत घालायचा कोर्स करतेयस ना, घाल.”

वहिनी सिंककडे तोंड करून हसली आणि नळ मोठा केला.

मुकादम मागच्या खोलीत, बाबांच्या रिकाम्या कॉटखाली होता. नाव बाबांनीच ठेवलेलं. पिल्लू असल्यापासून तो घरभर फिरून कोण काय काम करतंय ते बघून यायचा. आता त्याने मान उचलली नाही.

बाबांच्या आजारपणात शेवटचे तीन महिने मी नोकरी सोडून या खोलीत काढले. दर दोन तासांनी त्यांची कूस मीच बदलायची. दादा दारात उभा राहून “काही लागलं तर सांग” म्हणायचा. उंबऱ्याच्या आत त्याचं पाऊल नाही. आणि कॉट काढायची घाई मात्र त्यालाच.

सोमवारी मॅडमना मुकादमची माहिती छापील तक्त्यात भरून दिली. त्या तक्त्यात सतरावा प्रश्न असतो: पूर्वी गुरगुरत असे का? कोणी थांबवलं? कसं? मी लिहिलं होतं: भावाने. मारून.

“तुम्ही पाहिलंत?” मॅडमनी विचारलं.

“नाही. पण तो तसाच आहे.”

“खोडा.”

मी खोडलं. कागद फाटेल इतक्या जोराने.

“त्या खोलीत तीन महिने कोण होतं?”

“मी.”

“मग पाहिलेलं लिहा.”

मी वर्गाबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. बाबांना कुशीवर वळवताना ते दात आवळायचे, ओठांतून आवाज येऊ द्यायचे नाहीत. कॉटखालून मुकादम गुरगुरायचा. मी वर्तमानपत्राची सुरळी करून त्याच्या नाकापुढे फरशीवर हाणायची. “गप!” आठवड्याभरात तो गप्प झाला. “बघा, किती शहाणा झालाय,” मीच सगळ्यांना सांगितलं.

“बोलू दे गं त्याला,” बाबा म्हणाले होते. “माझ्या वतीने बोलतोय तो.”

मला तो विनोद वाटला होता. मी हसले होते.

सतराव्या प्रश्नापुढे मी लिहिलं: मी. वर्तमानपत्राने. बाबांना वळवताना तो गुरगुरायचा तेव्हा.

उरलेले दिवस रोज दोन तास त्या खोलीच्या फरशीवर बसले. मुकादमचा पट्टा खिडकीच्या गजाला बांधलेला. हात कॉटकडे न्यायचा, त्याचे ओठ आवळले की लगेच मागे घ्यायचा, न चावताही ऐकलं जातं हे त्याला कळावं म्हणून. बास, एवढंच. गेलेली गुरगुर परतायला महिने लागतात, कधी परततही नाही, असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी तक्ता दादाच्या हातात दिला. त्याने सतराव्यापर्यंत वाचला.

“म्हणजे तू. आणि टाके मला.”

“हो.”

“वा! आणि आठवडाभर माझ्याकडे बघतेयस जशी काही–”

“ते वेगळं आहे. तू आत का आला नाहीस, ते वेगळं.”

तो घड्याळ बघून तरातरा मागच्या खोलीत गेला. मी मागोमाग.

“पट्टा आहे ना बांधलेला?” म्हणत त्याने बरा हात कॉटच्या कडेवर ठेवला.

खालून आवाज आला. नळात हवा अडकल्यासारखा, तुटक. मग सलग.

“ए, गप–”

“एक शब्द बोलू नकोस!” माझा आवाज त्या खोलीत इतका चढल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. “हात काढ. मागे सर.”

दादा सरला. उंबऱ्यापर्यंत. गुरगुर थांबली. मुकादमने हनुवटी पंजांवर टेकली.

“बाबांना दुखायचं?” दादाने विचारलं. “वळवताना?”

“हो.”

“माझ्याने ऐकवलं नसतं.”

“मलाही नको होतं ऐकायला.”

त्याने खिशातून फोन काढला आणि डॉक्टरांना येऊ नका म्हणाला. कारण सांगितलं नाही. मग फोन हातातच धरून उभा राहिला.

“ही कॉट किती दिवस ठेवायची?”

“त्याला विचार,” मी म्हणाले. “उत्तर दिलं तर गप म्हणू नकोस म्हणजे झालं.”